कस्तुराची गाडी

सुनेची गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, म्हणून पिंपरीच्या शोरूममध्ये बाकावर बसलो होतो. शेजारी एक नवरा-बायको नवी गाडी ठरवत होते.

“कस्तुरा, मोठीच घेऊ. गावाला सगळे एकदम जाऊ.”

“गावाला आपण दिवाळीत जातो. चाकणला कंपनीत मी रोज जाते. छोटीच घ्यायची.”

“तुला स्कूटी आहे की.”

“पावसात चालवून बघा एकदा.”

“मग मी सोडत जाईन.”

“तुम्ही उठून चहा मागेपर्यंत माझी निम्मी शिफ्ट होते.”

“अगं, चाकणच्या ट्रकांमध्ये ही डबी चेपून जाईल.”

“त्याच ट्रकांमधून मी स्कूटी काढते. तेव्हा नाही वाटलं असं?”

“आणि लोक काय म्हणतील? भिवाची बायको गाडी चालवते आणि भिवा...”

“शेजारी ऐटीत बसतो, म्हणतील. बसा की! हप्ता माझ्या पगारातून जाणार, गाडी मीच चालवणार.”

तेवढ्यात शोरूमचा माणूस किल्ली घेऊन आला आणि नवऱ्यापुढं धरली.

“चला साहेब, चालवून बघा. सीट तुमच्या मापानं मागं करून ठेवलीय.”

“किल्ली इकडं द्या, दादा. आणि ती सीट पुढं घ्या.”

“एवढी बास, ताई?”

“अजून घ्या. माझा पाय क्लचवर पुरता टेकला पाहिजे.”

“कस्तुरा, अगं माझे गुडघे अडकतील तिथं.”

“तुम्हाला तिथं बसायचंच नाही. डावीकडून चढा, आणि बेल्ट लावा.”