नऊ, नऊ आणि पुन्हा नऊ

…आणि वर मलाच विचारतात, चार दिवस त्या खोलीत दार लावून काय करत होतात म्हणून! काय करत होतो? मोजत होतो. तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं वजनमापं तपासायची नोकरी केलीय मी, मी दुकानात शिरलो की दुकानदार आधी तराजूकडे बघतो आणि मग घाम पुसतो. आता अशा माणसाच्या हातात तुम्ही दोन ग्राफिक्स कार्डं देता आणि म्हणता, कुठलं तरी एक लावा? कुठलं तरी? तुम्हीच सांगा, माणसानं मोजू नये का?

झालं काय, आमची ही कॉम्प्युटरवर इमारतींची चित्रं करते. म्हणजे इमारत अजून कागदावरच असते, पण ही तुम्हाला आतून फिरवून आणते… दार उघडतं, पडदा हलतो, फरशीवर ऊन पडतं. अकरा वर्षं हे सगळं केलं ते दुसऱ्यांच्या नावावर. आणि आता पहिल्यांदा एका हॉस्पिटलनं तिच्या स्वतःच्या नावानं विचारलं, मुलांच्या वॉर्डाची पाच मिनिटांची फिल्म करून दाखवा, शनिवारी पाचच्या आत, आवडली तर सगळं काम तुमचं. बाई हरखून गेली हो. आणि मंगळवारी मशीनमधलं ही चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड जळालं. फट्ट आवाज, घरभर वास, खेळ खलास.

दुकानदार हिच्या ओळखीचा. म्हणाला, "साहेब, दोन आहेत, तुमच्या कामाला दोन्ही चालतील."

दोन्ही चालतील! अहो, हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, दोन्ही द्या, शनिवारी एक परत आणतो. बिचाऱ्यानं दिली.

काय सांगू तुम्हाला, घरी येऊन दोन डबे उघडले, एक निळा, एक काळा, आणि माझं वय वीस वर्षांनी कमी झालं! निळ्याला पंखे दोन, काळ्याला तीन. निळ्याची मेमरी बारा, काळ्याची सोळा. मी म्हटलं, मग काळंच घ्या… थांबा! मेमरी म्हणजे गोदाम. आणि गोदामाला दार असतं का नाही? निळ्याचं दार एकशे ब्याण्णव, काळ्याचं एकशे अठ्ठावीस! म्हणजे एकाचं गोदाम लहान पण दार ऐसपैस, दुसऱ्याचं गोदाम हे एवढं पण आत शिरायचं तर अंग चोरून. वीज? निळं दोनशे वॅट खातं, काळं एकशे पासष्टात भागवतं. मी तक्ता केला. सतरा रकाने. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही कार्डांचं वजन केलं. ही म्हणाली, "वजनाचा काय संबंध?" मी म्हटलं, संबंध आहे की नाही ते मोजल्यावर कळतं. माणसानं मोजू नये का?

मग खरी परीक्षा. वॉर्डाची फिल्म चालवायची आणि सेकंदाला किती चित्रं सरकतात ते बघायचं, त्याला फ्रेम म्हणतात. जास्त फ्रेम, तेवढं काम झरझर. आमच्या खात्याचा नियम काय? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथं. म्हणून मी मॉनिटरच्या वायरीवर कागदाची पट्टी चिकटवली, सही, तारीख, 'हात लावू नये'. खिडकी बंद, पंखा बंद, प्रत्येक परीक्षा तीनदा.

निळं लावलं. नऊ फ्रेम. नऊ. पुन्हा नऊ.

काळं लावलं. श्वास रोखला हो मी. नऊ. नऊ. पुन्हा नऊ!

तुम्हाला कल्पना आहे, काय वाटलं मला? दोन वेगळी कार्डं, दार वेगळं, गोदाम वेगळं, आणि काटा केसभरही हलत नाही! बावीस वर्षांत दोन तराजू असे जुळलेले बघितले नाहीत मी. मी ओरडतच बाहेर आलो, "बरोबरी! बरोबरी!" ही म्हणाली, "अहो, नऊ म्हणजे फिल्म निघणारच नाही. जुन्या कार्डावर चाळीस यायचे." मी म्हटलं, ते पुढचं पुढे, आधी बरोबरी सिद्ध होऊ दे. बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारी मी बाराव्यांदा कार्ड बदललं. ही दारात उभी. डोळे लाल. तेव्हा मात्र मी तक्त्यातून मान वर काढली नाही, खोटं कशाला बोलू.

शनिवारी दुपारी एक वाजता सासूबाई, आमच्याकडेच असतात त्या, केर काढायला आत आल्या. हळूच विचारतात, "जावईबापू, आता बोललं तर चालेल?"

"बोला."

"मी रोज इथं झाडते. ही वायर खालच्या भोकात असायची, कार्डाच्या. कार्ड जळलं त्या दिवशी पोरीनं ती वर मशीनच्या भोकात खोचली, काहीतरी दिसावं म्हणून. तुम्ही कार्डं बदलताय, पण वायर वरच आहे."

…

म्हणजे चार दिवस मी कुणाला मोजत होतो? मशीनच्या पोटातल्या जन्मजात फुकटच्या चिपला! दोन्ही नवी कार्डं शेजारी बसून पंखे फिरवत होती नुसती!

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"बुधवारी तोंड उघडलं होतं. तुम्ही म्हणालात, परीक्षा चालू आहे, मध्ये बोलू नका. आणि वर सही, तारीख…"

हिनं काय केलं, माझ्यासमोर ती पट्टी टरकावली. वायर खाली खोचली. एकाहत्तर! एकाहत्तर फ्रेम, साहेब! वॉर्डातले पडदे असे हलायला लागले की मला गार वाटलं. मी म्हटलं, सुंदर, आता फक्त एकदा दुसरं लावून… तिनं माझ्याकडे बघितलं. मी बाहेर गेलो. तीन तास मशीन घरघरलं, पाचला सात मिनिटं असताना फिल्म गेली, आणि सोमवारी काम मिळालं. तिच्या नावानं. पत्र वाचताना रडली, मीही रडलो.

पण आत लावलेलं होतं काळं. निळं तसंच परत गेलं. निळ्यावर किती आले असते? मी आयुष्यभर झुरणार. माणसानं मोजू नये का?

आता कामासाठी नवा मॉनिटर हवा होता. मी म्हटलं, दोन आणतो. माझं वाक्य संपायच्या आत सासूबाई चप्पल घालून गेल्यासुद्धा, अर्ध्या तासात एक घेऊन आल्या. मी विचारलं, निवडलात कसा? रंग बघितला? वेग विचारला? म्हणाल्या, "दुकानदाराला विचारलं, तुझ्या घरी कुठला आहे? त्यानं दाखवला, मी आणला."

अशी निवड करतात का हो? एक आकडा नाही, एक रकाना नाही… आणि खरं दुःख काय सांगू तुम्हाला, चांगला निघाला.