आईच्या छातीवरचा मकेच

हॅलो?… हो ताई, मीच, लांदी… हळू बोलतेय, आई झुल्यात झोपलीये… नाही गं, तिची तब्येत बरी आहे. दुसरंच झालंय. ओरडू नकोस हं… मकेच गेला.

अगं, कोण मकेच काय? मेरीदा सोडून एवढी वर्षं झाली का तुला? आईचा भुंगा, बाबांनी लग्नात दिलेला, साखळीने बांधून छातीवर जिवंत मिरवते तो… हो, मेला. सकाळी बघते तर त्याच्या लाकडाच्या तुकड्याशेजारी उताणा. फुंकर मारून पाहिली, काही नाही… साखळी आहे गं. पणजीच्या वेळची सोन्याची साखळी आणि पिन, ती कुठे जातेय? पाठीवरचे खडेही काढून घेतले.

नाही, तिला अजून सांगितलेलं नाही…

हो, हो… अगं ऐक ना. 'सांगून टाक' म्हणायला तुझं काय जातंय, तू मेक्सिको सिटीत बसलीयेस. बाबा गेल्यापासून ती सकाळी उठली की आधी त्याला बघते, मग तोंडात घास घालते. 'हा चालतोय ना, म्हणजे तुझा बाप इथंच कुठंतरी आहे,' म्हणते. कालसुद्धा म्हणाली. आता मी कुठल्या तोंडाने सांगू?

म्हणून… म्हणून नवा आणला. बाजारातून, सोकोरो मावशीच्या टोपलीतला… माझ्या डोक्यातून नाही निघालं हे. बाबाच सांगून गेले. शेवटच्या दुखण्यात, मी सूप भरवत होते तेव्हा. 'लांदी, मकेच मेला तर दुसरा आण. लाल खडा डोक्याकडे, हिरवे दोन्ही बाजूंना. आईला पत्ता लागू देऊ नकोस'… हो ना. म्हणजे हा मेला तोही लग्नातला नव्हता. भुंगा काय इतकी वर्षं जगतो? बाबा गुपचूप बदलत आले… मीही रडले गं. ट्रकची इंजिनं खोलणारी ती बोटं, आणि एवढुसे खडे… तू नाक पूस आधी.

फसवणूक आहे, माहितीये… अगं, पण प्रेमाची आहे ना… नाही, मला काही आवडत नाहीये हे, तुला काय वाटलं?

खडे चिकटवलेत, वाळतायत. एक हिरवा जरा तिरका बसलाय… आणि हा पळतोय नुसता. आधीचा कसा, ठेवला तिथे ध्यान लावून बसायचा. हा टेबलाच्या कडेला पोचलासुद्धा. सोकोरो मावशीला म्हटलं होतं आळशातला आळशी दे, तर…

थांब. आई उठली.

काही नाही आई, नीदियाचा फोन… हो, बरी आहे, मुलंही बरी आहेत… कुठे काय? टेबलावर काही नाही… आई, अगं, दे तो इकडे…

ताई, घेतला तिने. तळहातावर घेऊन बसलीये. एकेक खडा निरखून बघतेय… मला भीती वाटतेय गं.

काय म्हणालीस आई?… तोच आहे की… हं… नाही, रात्रीतून कोणी तरणं होत नाही, ते खरंच…

ताई, हिला माहीत होतं… अगं सगळं. दर वेळी. म्हणते, बाबा पहाटेच गोड पाव घेऊन आले की समजायचं, भुंगा बदलला. बाजारात का गेलात विचारलं तर सांगायला काहीतरी हवं ना, म्हणून पाव… आणि ही मग कांदा चिरायला बसायची. जुन्यासाठी रडून घ्यायला. त्यांना कळू नये म्हणून… हो गं, दोघंही तसलेच.

पण आई, मग तू रोज म्हणायचीस ते? बाबा इथंच आहेत ते?…

ताई… ती म्हणते, त्या जुन्याचे खडे बाबांनी हाताने लावलेले होते. शेवटचे. म्हणून तसं म्हणायची…

आहे आई, जुना आहे. रुमालात ठेवलाय. आंबट संत्र्याच्या झाडाखाली पुरू या आपण, तू म्हणशील तेव्हा… चुकलं माझं. हा मी परत देऊन येते. सोकोरो मावशी घेईल… नको?… कोणी म्हणजे? मीच. मीच आणला तुझ्यासाठी… हो, खडेही मीच… तिरका आहे, माहितीये…

ऐकलंस का ताई? म्हणते, ज्याने दिला त्यानेच आपल्या हाताने लावायचा असतो, डाव्या अंगाला. रीतच आहे… आई, अगं ते नवऱ्याने लावायचं असतं… बरं. बरं, लावते. इथे?… आणखी वर?… हलू नकोस, टोचेल…

ताई, ठेवते मी… नाही गं, रडत नाहीये कोणी… उद्या बोलू, आता नको. पिन लावायला दोन्ही हात लागतात.