चौथ्या माणसाचं वजन

नाही हो मिस्त्री, हुक बसवाच तुम्ही — हुकाबद्दल माझं काही म्हणणंच नाही. मी एवढंच म्हणतोय, की गाडी किती वजन ओढते तो आकडा जुना सांगा. कोणाला म्हणजे? माझ्या वडिलांना. ते काय, मागच्या सीटवर बसलेत, मांडीवर पिशवी घेऊन. तुम्ही फक्त खिडकीपाशी जायचं आणि म्हणायचं, आजोबा, ही पिकअप एवढंच ओढते, ह्याच्यावर किलोभरसुद्धा नाही. संपलं. माझ्या तोंडून आता त्यांना पटणार नाही — तुमचे हात ग्रीसनं काळे आहेत ना, तुमचं ऐकतील.

आता तुम्ही म्हणाल खोटं कसं बोलू — पण खोटं कुठंय? दाराच्या आतल्या पट्टीवर जुनाच आकडा आहे की नाही? आहे. त्या आकड्यात हुकाला जोडून ओढायचं आमचं चाकांवरचं घर, त्यातलं सामान आणि आम्ही तिघं — मी, बायको, मुलगी — एवढंच कसंबसं मावतं. चौथा माणूस नाही. हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं होतं, वजनकाट्यावर घर नेऊन आलो होतो, आणि ते म्हणाले, बरं, गाडीलाच झेपत नाही तर तू तरी काय करणार. किती सरळ बोलले. आत्याकडे राहतो म्हणाले. आत्या त्यांच्याहून मोठी, तिलाच कोणीतरी बघायला हवंय, पण राहतो म्हणाले. सगळं सुरळीत होतं — आणि तुम्ही त्या कॉम्प्युटरवर चॅसीचा नंबर टाकलात. कशाला टाकलात? मी विचारलं होतं का? हुकाचा साइज बघायला टाकलात, ठीक आहे, पण मग मोठ्यानं कशाला सांगायचं, की साहेब खूशखबर, कंपनीनं आकडा वाढवलाय.

हो, समजलं मला, दोनदा सांगितलंत तुम्ही. आधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं मोजायची, आता सगळ्यांना एकच परीक्षा — तोच चढ, तेच ऊन, एसी चालू, आत दोन माणसं बसलेली, आणि चढावर थांबवून पुन्हा उचलायची. त्यात आपली गाडी जास्त वजन ओढून पास झाली. आधी म्हणे मुद्दाम हात राखून सांगत होते, मोठी गाडी खपावी म्हणून. म्हणजे इंजिन तेच, चाकं तीच, एक नटसुद्धा बदलला नाही, आणि एका रात्रीत तिच्यात एक म्हातारा मावायला लागला. आता निघताना मी त्यांना काय सांगू? गाडीला झेपतंय बाबा, मलाच झेपत नाही?

बघू नका असं. बायकोचं डोकं आहे ह्यामागे, असं समजा. तिला नको आहेत ते — नाही, खोटं कशाला बोलू, ती तर काल रात्री म्हणत होती, सामान कमी करू, कपाट टाकून देऊ, पण त्यांना न्या. बाहेर पडवीसारखं करून गॅस तिथं लावू म्हणाली. कारण गॅसचंच निमित्त झालं ना. बाबा शेगडी चालू ठेवून बाहेर खुर्चीत जाऊन बसले, ज्योत विझलेली, आणि मुलगी आत झोपलेली. वासानं मी धावलो. तिला उचलून बाहेर आणलं, तर हे विचारतात, चहा झाला का रे? त्यांना आठवतच नव्हतं. तेव्हापासून मला झोप नाही, मिस्त्री. पातेलं हललं तरी मी उठून बसतो. वर धरणाच्या कामावर नोकरी लागलीय, दिवसभर मशीनवर बसायचंय, आणि घर एवढंसं, ह्या तुमच्या शेडच्या निम्मं. मी वाईट मुलगा नाही हो. त्यांची नखं मी कापतो. पण मी थकलो. हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून आकडा हवा होता मला. आकड्यावर कोणी रागावत नाही.

तेव्हा जा आणि सांगा. नवा आकडा नव्या गाड्यांना लागू, जुन्यांना नाही — एवढं एक वाक्य. तुमचं काय जातंय? हातपाय बांधल्यासारखे उभे काय राहिलात — काय? काच? त्यांच्या खिडकीची काच खाली आहे?

कधीपासून खाली आहे?

थांबा. ते उतरतायत. बाबा, अहो, बाबा, पायरी उंच आहे, पिशवी द्या इकडे. कुठं निघालात? आत्याचं घर त्या बाजूला नाही. बाबा, हे मिस्त्री काय म्हणतायत ऐका जरा, आकडा वाढलाय, गाडी ओढते चौघांना, कंपनीनंच सांगितलंय, बसा आत — बाबा.

मिस्त्री, तुम्ही हाक मारा. माझ्या हाकेला आता ते ओ देणार नाहीत.