नावापुरतं घर

नारायणगुड्यातल्या एका बँकेत, गावाकडच्या घरांसाठी सरकारी योजनेचं कर्ज देतात त्या खोलीबाहेर, इंदुताई मासिक उघडून आपल्या नंबरची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकड्यावर एक नवराबायको साहेबांच्या प्रश्नांची तालीम करत होते.

“घर कोणाच्या नावावर?”

“माझ्या.”

“हसू नकोस. राहणार कोण?”

“आपण दोघं.”

“शाबास.”

“आणि खरं कोण राहणार?”

“कुलदीप. सख्खा भाऊ आहे माझा. योजनेत बाईचं नाव लागतं, म्हणून तुझं. नावापुरतं.”

“मग मी आत येत नाही.”

“आता ऐनवेळी परेशान नको करू.”

“घर कोणाचं, ते एकदा सांगा.”

“तुझं.”

“जरा मोठ्यानं.”

“तुझं गं बाई, तुझं! माझं नाही, कुलदीपचं नाही, तुझं! झालं समाधान? हवं तर ओरडून सांगतो, इथं तेलुगू मुलखात कोणाला मराठी कळतंय?”

“ह्या ताईंना कळतंय. मघापासून त्यांनी एक पान उलटलेलं नाही. साक्षीला बऱ्या आहेत.”

इंदुताईंनी घाईघाईनं पान उलटलं.