गरम कोपरा आणि सहा प्रजासत्ताकं

…नाही, पण मी म्हणतो, देशाच्या इतिहासाचे तुकडे पाडायला मेंगगुरुजींना आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या बसायच्या खोलीचीच भिंत सापडावी? अहो, मी आपला गुडघे शेकायला गेलो होतो! आमच्या सांगजूकडची थंडी, त्यात माझे हे गुडघे, आणि खोलीच्या जमिनीखाली गरम पाण्याच्या ज्या नळ्या होत्या त्या सगळ्या गारठलेल्या. धग लागायची ती बॉयलरशेजारच्या कोपऱ्यात, एका माणसाच्या बुडापुरती… आणि तिथे बसणार कोण? खोलीचे अध्यक्ष! कित्येक हिवाळे प्यो अध्यक्ष तिथे बसलेले. निवडणूक आली की नवा नियम. "अध्यक्षाला सोन्याचा दात हवा," हाही त्यांचाच नियम, कारण दात फक्त त्यांना!

तर तुम्हाला सांगतो, गुरुजींनी खडू घेतला आणि आपल्या देशात आजवर झालेली प्रजासत्ताकं भिंतीवर लिहायला लागले. पहिलं प्रजासत्ताक, दुसरं, तिसरं… पार सहापर्यंत. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तरी म्हटलं, "गुरुजी, ही सहाही मी जगलोय, मला तर सगळ्यांत तीच आंबवलेल्या मुळ्याची किमची मिळाली."

"चोइदादा, तुम्ही जरा गप्प बसा," गुरुजी म्हणाले. "हे चक्र आहे, चक्र! एक जण बसतो तो उठतच नाही. लोक ओरडतात, तो पळतो. मग सगळेच एकदम बसायला बघतात. मग एक दांडगा येतो, म्हणतो, शिस्त लावतो… आणि तोही उठत नाही!"

ओकबुनवहिनी लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुरुजी, हे देशाचं चाललंय का आपल्या खोलीचं?"

झालं! सगळ्यांच्या माना वळल्या प्यो अध्यक्षांकडे. बायकांनी पातेली बडवायला घेतली, "उठा! नाहीतर आज सूप नाही!" अध्यक्ष जे उठले ते रडत रडत थेट जेजू बेटावर लेकीकडे. गुरुजींनी खुशीत भिंतीवर फुली मारली, "पहिलं संपलं!" आणि मी? मी आपला गुडघे शेकायला गेलो होतो!

दुसऱ्यात सगळ्यांचं राज्य. म्हणजे काय, तर सगळ्यांचे पाय एका कोपऱ्यात! माझा म्हणून मी अर्धा तास चोळत बसलो तो अंगठा निघाला ओकबुनवहिनींचा. दुपारच्या जेवणापर्यंतही टिकलं नाही हो… कुणाच्या तरी मोज्यांचा वास!

तेवढ्यात आला गुक सुभेदार. पलटणीतून निवृत्त, आवाज असा की खिडक्या थरथराव्यात. "मी शिस्त लावतो! फक्त थंडी ओसरेपर्यंत!" कोपऱ्यात कांबळं अंथरलं आणि बसला. आम्ही कुरकुरलो की उठायचा, कांबळं उलटं करायचा, "हे घ्या, नवं प्रजासत्ताक!" आणि परत त्याच्यावरच बसायचा. तिसरं, चौथं, पाचवं… माणूस तोच, कांबळं तेच!

मग पुन्हा पातेली. आणि मग एकदाचा कायदा झाला: मतदान करायचं, निवडून येईल त्यानं एक आठवडा बसायचं, आणि जन्मात पुन्हा नाही. सहावं! पहिल्याच मतदानाला सुभेदाराविरुद्ध गुरुजीही उभे आणि वहिनीही.

"वहिनी, तुम्ही माघार घ्या, मी शिकलेला आहे."

"म्हणूनच तुम्ही घ्या, गुरुजी. तुम्हाला समजायला हवं!"

दोघांत मतं फुटली, निवडून आला सुभेदार! पण कायदा तो कायदा. आठवडा सरला, तो उठला. आणि पुढच्या खेपेला सगळ्यांनी एकमतानं मला निवडलं. मला! अहो, डोळ्यांत पाणी आलं. मी आपला गुडघे शेकायला…

आणि त्याच सकाळी तालुक्याहून मिस्त्री आला. नवा बॉयलर, नव्या नळ्या! सगळी खोली अशी उबदार झाली की सुभेदार दाराशी लोळतोय, गुरुजी खिडकीखाली घोरतायत. आणि बॉयलरशेजारचा कोपरा? तवा हो, तवा! मी कळवळून उठायला लागलो तर वहिनी ओरडल्या, "चोइदादा! घटना!"

"अहो, भाजतंय!"

"भाजू दे! इतक्या खटपटीनं कायदा केलाय. मुदत पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही!"

गुरुजींनी एक डोळा उघडला. "बसा, दादा. इतिहास बघतोय."

म्हणजे बघा, एवढ्या सहा प्रजासत्ताकांत खुर्चीवरून उठायला तयार असलेला मी एकटा, आणि मलाच उठू देत नाहीत! आत्ताही लघवीच्या नावाखाली सुटून आलोय… नको, नको, पाट नको आणि उशी तर मुळीच नको. उभाच बरा आहे मी.