सशाचा भाव

अहो, आमचे बाबा म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीसाठीही घासाघीस करणारे. लढाईच्या दिवसांत माझी धाकटी बहीण शांती टायफॉइडमधून उठली, पण कुणाशी बोलेना. फक्त पांढरा ससा दिसला की त्याच्याकडे बघत राहायची. म्हणून बाबा तिला कडेवर घेऊन दहिवलीला, ससे पाळणाऱ्या करीमचाचांकडे गेले. मी बरोबर होतोच.

"तीन रुपये," एक पांढरा ससा शांतीपुढे धरत चाचा म्हणाले.

"एवढ्याशा जिवाचे? दीड देतो."

शांतीने झटकन सशाचे कान हातांनी झाकले.

"बाबा, हळू बोला ना! त्याला ऐकू येतंय. वाईट वाटंल त्याला."

किती दिवसांनी बोलली होती पोर! बाबांनी डोळे पुसले आणि मुकाट्याने तीन रुपये दिले.

निघताना चाचांनी त्यातले दीड रुपये परत बाबांच्या मुठीत कोंबले आणि कानाशी कुजबुजले, "सशाला सांगू नका हां."