पंधरावी खुर्ची

सन्माननीय अध्यक्ष आणि आपले नगराध्यक्ष हाज मुह्सिन, व्यासपीठावर मांडीला मांडी लावून बसलेले शेखसाहेब, सय्यदसाहेब आणि फादर बुत्रुस, आज ज्यांना निरोप द्यायचा ते मित्री हद्दाद ऊर्फ अबू तक्ला, आणि ऐन-अल-लूझच्या वरच्या, खालच्या आणि मधल्या आळीतल्या माझ्या बंधू-भगिनींनो!

मला पाच मिनिटं दिली आहेत. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे अन्याय आहे; पण आज मी इतका आनंदात आहे की तोही चालवून घेतो.

सगळ्या लेबननमध्ये खुर्च्या पंथ बघून वाटतात, तिथे आपल्या गावची नगरपालिका वेगळी कशी असेल? सात सुन्नी वरच्या आळीचे, सात शिया खालच्या आळीचे आणि पंधरावा मधल्या आळीचा, ख्रिस्ती. त्यांची घरं उरली नऊ. पण सातविरुद्ध सात झालं की पारडं कुणाच्या हातात? अबू तक्लांच्या! दुसरा कुणी असता तर अठरा वर्षांत त्यानं स्वतःचा राजवाडा बांधला असता. पक्षाची माणसं बैरूतहून यायची आणि म्हणायची, "अहो, मत फुकट देऊ नका. निदान चर्चपर्यंत डांबरी रस्ता तरी मागून घ्या." हे म्हणायचे, "रस्ता कशाला? चर्चला पायऱ्या आहेत की."

आणि हे करायचे काय? सात-सात झालं की उठायचे, कोपऱ्यातल्या शेगडीवर कॉफी ठेवायचे आणि सगळ्यांना बिनसाखरेची द्यायचे. कडू कॉफी आपण कुठे पितो? मयताला. हाज मुह्सिन एकदा चिडले, "कोण मेलंय इथे?" हे शांतपणे म्हणाले, "गाव. प्या. आठवा हात तुमच्यातूनच वर येऊ दे, मग साखर घालतो." आणि यायचाही हो! कडू पिऊन पिऊन कुणीतरी वैतागून हात वर करायचाच.

पण एकदा नाही आला. अकरा वर्षांपूर्वी अॅम्ब्युलन्स आली, नवी कोरी. ती उभी कुठे करायची? वर की खाली? चार बैठका झाल्या, शंभरेक कप कॉफी झाली, आणि गाडी नगरपालिकेच्या आवारात कुलपात. त्याच दिवसांत माझा भाऊ राघिब जर्दाळूच्या झाडावरून पडला. कांद्याच्या ट्रकमधून नेला त्याला. पाय गेला तो गेलाच. हा बघा, पहिल्या रांगेत बसलाय काठी घेऊन. काय रे? "आटप!" म्हणतोय. आटपतो.

दुसऱ्या दिवशी अबू तक्ला आमच्या घरी आले. बसले नाहीत. म्हणाले, "राघिब, चूक माझी. मत न देणं म्हणजे न्यायानं वागणं, असं मी समजत होतो. आता देईन."

आणि पुढच्या बैठकीत त्यांनी हात वर केला, तो खालच्या आळीसाठी! आम्ही वरच्या आळीचे पेटलोच. आमचा माणूस पडला आणि गाडी त्यांना? कारण विचारलं, तर म्हणाले, "वरचा चढ हिवाळ्यात बंद असतो." आम्ही ऐकतोय कसले! वरच्या आळीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. मीसुद्धा. रोज सकाळी पुलावर भेट व्हायची. ते म्हणायचे, "मरहबा, उस्ताद." मी मान फिरवायचो. दोन वर्षं.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत, कमरेएवढ्या बर्फात, माझ्या बायकोच्या, उम्म वलीदच्या, छातीत कळ आली. तिला खुर्चीत बसवून चौघांनी पुलापर्यंत खाली आणलं. गाडी तिथे चालू उभी होती. वर असती तर आमच्याच दारात अडकून पडली असती. मी भूगोलाचा मास्तर, आणि मला हे कळायला दोन हिवाळे लागले.

आता गेल्या रविवारची निवडणूक. अबू तक्ला उभे राहणार नव्हते, त्यांची लेक तक्ला उभी राहिली, आपली औषधांच्या दुकानवाली. आणि दोन्ही आळ्यांना एकदमच अक्कल सुचली, की नऊ घरांसाठी खुर्ची कशाला? दोघांनीही यादीत आठवं नाव घातलं. आठ झाले की कुणाची कॉफी प्यायला नको! आमच्या यादीतला आठवा कोण? मी! निवृत्त शिक्षक, स्वच्छ चारित्र्य, थोडा बहिरा. मला मतदानाला पढवून पाठवलं, "तक्लाचं नाव कुठे दिसलं तर खोडायचं, उस्ताद."

निकाल तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांत जास्त मतं तक्लाला! दोन्ही आळ्यांतून! टाळ्या वाजवा, लाजता काय, तुम्हीच दिलीत ना? मित्रहो, त्या एका खुर्चीमुळे आपल्याला एकमेकांशी बोलावं लागतं. ती गेली असती तर उरली असती फक्त मोजणी.

आणि मी पडलो. सपाटून पडलो. मंगळवारपासून लोक सांत्वनाला येताहेत, म्हणून आज सांगूनच टाकतो. मतदानाच्या पडद्यामागे मी पेन्सिल काढली, आपल्या आळीची छापील यादी उघडली आणि एक नाव खोडलं. माझं. त्याच्यापुढे लिहिलं, तक्ला मित्री हद्दाद.

उम्म वलीद, डोळे वटारू नकोस, घरी बोलू. हाज मुह्सिन, तुमच्या खालच्या आळीच्या आठव्यानं पडद्यामागे काय केलं मला माहीत नाही. पण तो तिकडे हसतोय.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. वेळ ओलांडली, पक्षाचा शब्द मोडला, काही अधिकउणं बोललो असेन तर पदरात घ्या. एका चुकीची माफी मात्र सगळ्यांची नाही, एकट्या अबू तक्लांची मागायची आहे. आपल्याकडे मरहबाचं उत्तर दुप्पट द्यायचं असतं, मरहबतैन, म्हणजे दोन मरहबा. माझ्याकडे दोन वर्षांची उत्तरं थकली आहेत. उभे राहू नका, तिथेच बसा, मी खाली येतो.

मरहबतैन, अबू तक्ला. मरहबतैन.